वंश, जात आणि अभ्यासपत्रिका : एका तुलनेची फेरतपासणी

१

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात दलित साहित्य शिकवणाऱ्या कुणाही अध्यापकाला एक प्रश्न चांगलाच परिचित असतो. दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना करा, असा तो प्रश्न. त्याचे उत्तरही ठरून गेलेले असते. दोन्हींत वेदना आहे, विद्रोह आहे, नकार आहे, आत्मकथन हा दोन्हींचा महत्त्वाचा आकृतिबंध आहे. एकीकडे गुलामी तर दुसरीकडे अस्पृश्यता, एकीकडे रंग तर दुसरीकडे जन्म. साम्याचे पाच मुद्दे आणि भेदाचे चार मुद्दे लिहिले की उत्तर पूर्ण होते. हे उत्तर चुकीचे नसते. माझा आक्षेप त्याच्या सत्यतेविषयी नसून त्याच्या निरुपद्रवीपणाविषयी आहे. या तुलनेनंतर विद्यार्थ्याच्या मनातील अन्य कोणत्याही संहितेचे स्थान तसूभरही हलत नाही.

काही वर्षांपूर्वी वर्गातील एका चर्चासत्रात वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने याच विषयावर निबंध वाचला. चर्चा संपल्यावर त्याने विचारले, ‘सर, या पेपरात सगळ्या लेखकांची जात सांगून शिकवतात. मग कादंबरीच्या पेपरात कुणालाच जात कशी नसते?’ त्या वेळी मी जे उत्तर दिले ते मला स्वतःलाच अपुरे वाटले होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला सावकाश दिलेले उत्तर आहे.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे : वंश आणि जात यांची तुलना मराठीत एकाच वाटेने आलेली नाही. तिच्या किमान तीन निरनिराळ्या वाटा आहेत आणि त्यांचे हेतू परस्परांहून भिन्न आहेत. आपल्या अभ्यासक्रमांनी या तिन्ही वाटा एकाच परीक्षोपयोगी समीकरणात बुजवून टाकल्या. त्यामुळे या परंपरेतील सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे सीमारेषा कशी निर्माण केली जाते हे विचारण्याची पद्धती, साहित्याच्या वर्गात आलाच नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करावयास हवा, कारण येथे अनुवादाने सिद्धांताचे काम केलेले आहे. इंग्रजीतील ‘रेस’ या संज्ञेसाठी आपण ‘वंश’ हा शब्द रूढ केला. परंतु मराठीत वंश म्हणजे पूर्वजांपासून वंशजांपर्यंत उभी उतरत येणारी परंपरा. सूर्यवंश, वंशावळ, वंशाचा दिवा हे सारे प्रयोग घराण्याशी निगडित आहेत. ‘रेस’ ही संकल्पना मात्र माणसांची आडवी वर्गवारी करणारी आहे. ती घराणे सांगत नाही, गट सांगते. कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेटलेल्या वेदोक्त प्रकरणात वाद झाला तो या उभ्या अर्थाने. छत्रपतींचे घराणे क्षत्रिय की शूद्र, त्यांचे विधी वेदोक्त की पुराणोक्त, हा कुळाचा आणि अधिकाराचा प्रश्न होता. त्याला ‘वांशिक संघर्ष’ म्हटले तर त्यातील नेमका पेच हरवतो.

दुसरा शब्द ‘वर्ण’. त्याचा अर्थ रंग असाही होतो आणि चातुर्वर्ण्यातील स्थान असाही होतो. दक्षिण आफ्रिकेतील राजवटीचे धोरण मराठी वृत्तपत्रांनी ‘वर्णद्वेष’ आणि ‘वर्णभेद’ या शब्दांनी सांगितले. वाचकाच्या मनात हे दोन अर्थ नकळत एकमेकांत मिसळले, आणि चातुर्वर्ण्याचे मूळ रंगभेदातच आहे ही एकोणिसाव्या शतकातील प्राच्यविद्येची कल्पना कोणताही पुरावा न मागता भाषेतच स्थिरावली. तिसरे उदाहरण तर आपल्या एका ज्ञानशाखेच्या नावाचेच आहे. मानवाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला आपण ‘मानवशास्त्र’ म्हणतो, तसेच ‘मानववंशशास्त्र’ही म्हणतो. दुसऱ्या नावात अभ्यासाचा निष्कर्ष अभ्यासापूर्वीच गृहीत धरलेला आहे. ‘जात’ हा शब्द आंब्यालाही चालतो, घोड्यालाही चालतो आणि माणसालाही चालतो, हेही येथे नोंदवून ठेवावे. माणसांतील सामाजिक विभागणी ही निसर्गातील प्रकारभेदासारखीच आहे असे ही भाषा रोज सुचवीत असते.

तेव्हा वंश आणि जात यांची तुलना करताना आपण दोन निर्मळ संज्ञा समोर ठेवून बसलेलो नसतो. संज्ञा आधीच एकमेकींत गुंतलेल्या असतात.

३

या तुलनेची मराठीतील पहिली वाट जोतीराव फुले यांची. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून त्या वेळी जेमतेम आठ वर्षे झाली होती. या अर्पणात नैतिक साधर्म्य आहे : तेथील गुलाम तसे येथील शूद्रातिशूद्र. परंतु ग्रंथाच्या आतील युक्तिवाद वेगळ्या आधारावर उभा आहे. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी येथील मूळच्या लोकांना जिंकले, हा युरोपीय प्राच्यविद्येचा सिद्धांत फुले उचलतात आणि त्याची दिशा उलटी करतात. ज्या सिद्धांताने काही उच्चवर्णीयांना आपण युरोपीयांचे दूरचे भाऊबंद असल्याचे समाधान दिले, त्याच सिद्धांताने फुल्यांच्या हाती ते परके आक्रमक ठरले. ही लढ्याची चाल होती आणि ती अत्यंत प्रभावी ठरली. मात्र तिने वंशाची कल्पना मोडली नाही, वापरली.

दुसरी वाट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. तो १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी, आणि बोआस त्या काळी कोलंबियात वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला शास्त्रीय पुराव्याने आव्हान देत होते. या वातावरणात पंचविशीतील आंबेडकर जातीचे स्पष्टीकरण रंगाने किंवा वंशाने देण्याचे नाकारतात. भारतीय लोक वंशदृष्ट्या मिश्र आहेत आणि सांस्कृतिकदृष्ट्या एकसंध आहेत, अशी त्यांची भूमिका आहे. मग जात कशी निर्माण होते? एका सलग समाजाचा एखादा गट स्वतःभोवती विवाहाची भिंत घालतो तेव्हा. बहिर्विवाहाच्या जुन्या नियमावर अंतर्विवाहाचा नियम लादला गेला की जात तयार होते.

पुढे १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात आणि १९४८ च्या अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात हीच भूमिका पुढे जाते. नाकाच्या मोजमापावरून सामाजिक दर्जा सांगता येतो, असे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचे म्हणणे होते. मालवणात जन्मलेल्या आणि केंब्रिजला शिकलेल्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या जात व वंश यांवरील ग्रंथात या दाव्याची तपासणी केली. उत्तर भारताचा काही भाग वगळता तो टिकत नाही, शारीरिक साम्य जातीपेक्षा प्रदेशानुसार आढळते, असे त्यांनी दाखवले. १९४८ साली आंबेडकरांनी घुर्ये यांच्याच आकडेवारीचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य हे निराळ्या वंशांचे नाहीत असा निष्कर्ष काढला.

तिसरी वाट साठ-सत्तरच्या दशकांतील. म. ना. वानखेडे यांच्यासारखे अभ्यासक अमेरिकेतून परतले ते तेथील कृष्णवर्णीय लेखकांचा परिचय घेऊन. औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ने त्या चर्चेला व्यासपीठ दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली ती १९६६ च्या अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. या वाटेवर तुलनेचा हेतू सहोदरभावाचा होता. जगात आपण एकटे नाही आणि आपला आवाज ही वाङ्मयीन अपवादाची गोष्ट नाही, हे तिने सिद्ध केले. मराठी समीक्षेच्या सौंदर्यवादी निकषांना त्यामुळे प्रथमच बाहेरून धक्का बसला. तिचे ऋण मान्यच करावयास हवे.

तथापि फुले साधर्म्य सांगतात, आंबेडकर स्पष्टीकरण देतात आणि पँथरची पिढी बंधुत्व जोडते. ही तीन निराळी कामे आहेत. अभ्यासपत्रिकेत मात्र उरले ते केवळ साधर्म्य, आणि तेही मुद्द्यांच्या यादीपुरते.

४

वंशाच्या कल्पनेचा मराठी ज्ञानव्यवहाराशी असलेला संबंध केवळ पुस्तकी नव्हता, याचे एक उदाहरण इरावती कर्वे यांचे. मुंबईत घुर्ये यांच्याकडे शिकून त्या १९२७ च्या सुमारास बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असममितीवर संशोधन केले. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाला त्यांच्या शास्त्राचे पाठबळ मिळाले. कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध असावा आणि त्यात युरोपीयांचे वैशिष्ट्य दिसावे, अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. मोजमापांतून तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष कर्वे यांनी लिहिला.

तरीही कर्वे यांनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी महाराष्ट्रातील जातींची शरीरमापने घेतली आणि १९५१ साली वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती या एका जातीच्या फुटून झालेल्या शाखा नसून मूळचेच निरनिराळे गट असावेत, हे त्यांना दाखवावयाचे होते. म्हणजे गटाचे वेगळेपण त्या आरंभापाशी ठेवतात, तर आंबेडकर ते एका क्रियेचे फलित मानतात. या मतभेदाची चर्चा साहित्याच्या विद्यार्थ्यापुढे व्हावयास हवी, कारण त्याच कर्वे यांनी ‘वाटचाल’ हा लेखही लिहिला. पंढरीच्या वाटेवर एकत्र चालणारे, एकच अभंग गाणारे लोक जेवायला मात्र जातवार बसतात, ही त्यांच्या अस्वस्थतेची नोंद तेथे आहे. मोजपट्टीला न दिसलेली सीमारेषा पंगतीत दिसली. ललित गद्याने येथे शास्त्राला मागे टाकले, असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की सीमारेषा शरीरात नव्हती, व्यवहारात होती, आणि व्यवहार टिपण्याचे साधन त्या वेळी लेखिकेच्या हाती अधिक तयार होते.

वंशविचार आपल्या साहित्याला थेट भिडला असेल तर तो अन्यत्र. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म आणि गुन्हा यांची सांगड घातली. पुढे तो सर्वत्र लागू होत गेला आणि १९५२ साली रद्द झाला. गुन्हेगारी रक्तातून उतरते, हे या कायद्याचे गृहीतक शुद्ध वंशवादी होते. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’तील (१९५९) हजेरीचा जाच, लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचा ‘उचल्या’ (१९८७) यांना या कायद्याची आणि त्याच्या उरलेल्या सावलीची पार्श्वभूमी आहे. ‘उचल्या’ हे शीर्षकच एका वर्गवारीचे नाव आहे. अमेरिकन वंशवादाशी तुलना करावयाची तर ती वेदनेच्या समानतेवर न थांबता येथे, राज्यसंस्थेने निर्माण केलेल्या वर्गवारीपाशी सुरू करता येईल.

५

आता आंबेडकरांच्या १९१६ च्या निबंधाकडे पुन्हा वळू. या निबंधाचा गाभा समाजशास्त्रातच राहिला. मराठी कादंबरीच्या आणि नाटकाच्या वाचनासाठी त्याचा उपयोग क्वचितच झाला. आंबेडकरांचा युक्तिवाद असा : अंतर्विवाह टिकवावयाचा तर गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. जोडप्यातील एक मरण पावला की दुसरा ‘अतिरिक्त’ ठरतो, आणि अतिरिक्त व्यक्ती ही भिंतीला पडलेली फट असते. अतिरिक्त स्त्रीसाठी दोन उपाय योजले गेले : पतीसह जाळणे किंवा सक्तीचे वैधव्य. अतिरिक्त पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. त्याला वैराग्य लादावे तर तेही अवघड. म्हणून त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून वधू पुरवली जाते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या जातीच्या वाईट सवयी नसून जातीची यंत्रणा आहे.

हा युक्तिवाद हाती घेऊन हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ वाचावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या आरंभी क्रमशः आलेल्या या कादंबरीची नायिका यमुना ही बालवयात विवाहित होते, तरुणपणीच विधवा होते आणि तिचे केशवपन सक्तीने केले जाते. आपण ही कादंबरी स्त्रीप्रश्नाच्या, समाजसुधारणेच्या आणि वास्तववादाच्या सदरात शिकवतो. जातीच्या सदरात ती कधीच येत नाही, कारण तिच्यात ‘खालची’ जात नाही. परंतु आंबेडकरांच्या दृष्टीने पाहिल्यास यमुना ही अतिरिक्त स्त्री आहे आणि तिचे केशवपन ही भिंतीची डागडुजी आहे. केशवपनाचा आग्रह धरणारे कुटुंबातील लोक केवळ दुष्ट नाहीत. ते एका सीमारेषेचे राखणदार आहेत. दुष्टपणा हा व्यक्तीचा गुण म्हणून वाचला की कादंबरी करुण होते. तो राखणदारी म्हणून वाचला की तिच्यातील घर जातीच्या उत्पादनाचे ठिकाण म्हणून दिसू लागते. स्त्रीप्रश्न आणि जातिप्रश्न यांची आपण केलेली विभागणी त्याच क्षणी डळमळते.

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) या यंत्रणेची दुसरी बाजू दाखवते. भुजंगनाथ हा अतिरिक्त पुरुष. लग्नाच्या वयाच्या खालच्या कप्प्यातून त्याला शारदा पुरवली जात आहे, आणि तिचा बाप कांचनभट पैशासाठी त्यात सामील आहे. नाटकाची सुटका कशाने होते? शारदेच्या नकाराने नव्हे. वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस येते आणि विवाह थांबतो. गोत्राचा नियम म्हणजे बहिर्विवाह. आंबेडकरांच्या मांडणीत हाच जुना नियम, ज्याच्यावर अंतर्विवाह नंतर लादला गेला. देवलांचे नाटक नव्या नियमाच्या क्रौर्यातून सुटण्यासाठी जुन्या नियमाचा आधार घेते, आणि अखेरीस धर्मपीठाचीच संमती शोधते. या शेवटाविषयी तो योगायोगाचा किंवा सोयीचा आहे असा आक्षेप घेता येतो. माझ्या मते तो केवळ रचनेचा दोष नाही. विवाहनियमांची चौकट न ओलांडता अन्याय दूर करावयाचा तर नाटककाराला एका नियमाविरुद्ध दुसरा नियमच उभा करता येतो. शारदेची इच्छा हा त्या चौकटीत नियम ठरत नाही. म्हणजे आशयाची मर्यादा येथे आकृतिबंधात उमटलेली आहे. सामाजिक वाचन साहित्याचे साहित्यपण विसरते, या नेहमीच्या आक्षेपाला येथे उत्तर मिळते : हे वाचन रचनेचाच उलगडा करते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १९१६ ची मांडणी प्रामुख्याने वरच्या जातींच्या बंदिस्तपणाची आहे. अन्य जाती या प्रथांचे अनुकरण अंतरानुसार कमीअधिक करतात, असे आंबेडकर म्हणतात. पण पाट किंवा मोहतूर रूढ असलेल्या जातींतील स्त्रीचे दुःख यमुनेच्या साच्यात बसवता येणार नाही. अस्पृश्यतेचे स्पष्टीकरणही या निबंधात नाही. त्यासाठी आंबेडकरांना पुढे स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला. तेव्हा ही एक किल्ली आहे, सर्व कुलुपांची नव्हे.

६

विवाहाची भिंत हा मुद्दा मध्यवर्ती धरला की अमेरिकेशी होणारी तुलनाही बदलते. रंग डोळ्यांना दिसतो, जात दिसत नाही, हा भेद आपण नेहमी सांगतो. पण रंग इतका पुरेसा असता तर व्हर्जिनियाला १९२४ साली आंतरवंशीय विवाहावरील बंदी अधिक कडक करण्याची गरज भासली नसती, आणि अशा बंद्या रद्द होण्यास १९६७ साल उजाडले नसते. तेथेही वंश राखावा लागत होता. तो आपोआप राहत नव्हता.

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) आणि फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मवृत्त एकत्र वाचले तर हे ठळक होते. बारा माशांचा तोळा; अकरा माशांचा तो अक्करमाशी. महार आई आणि पाटील बाप यांच्या मुलाला समाजाने दिलेले हे वजन आहे. डग्लसचा बाप गोरा होता. व्हर्जिनियात १६६२ पासून मूल आईच्या स्थितीप्रमाणे गुलाम किंवा स्वतंत्र ठरत असे आणि गुलामीच्या प्रदेशांत हाच नियम पसरला. त्यामुळे मालकाला स्वतःच्याच अपत्यातून संपत्ती मिळे. आपल्याकडे घराणे बापाकडून चालते, बापाचे नाव लागते. त्या नियमाने लिंबाळे पाटील ठरावयास हवे होते. पण नियम तेथेच थांबतो आणि नाव हाच शाळेच्या दाखल्यापासून पाठीस लागणारा प्रश्न होतो. एका समाजाने नियमच असा केला की मूल खाली राहील. दुसऱ्याने नियम तसाच ठेवून मुलाला त्याच्याबाहेर टाकले. वेदना समान आहे, हे वाक्य येथे अपुरे पडते. दोन्ही आत्मकथनांतील ‘मी’ची घडण वेगळी का आहे, हे आता विचारता येते. डग्लसचा ‘मी’ मुक्ततेकडे, एका भूगोलाकडे निघालेला आहे. ‘अक्करमाशी’तील ‘मी’ला जाण्यासाठी असे उत्तरेकडचे राज्य नाही.

याच ठिकाणी एक सावधगिरीही हवी. २००१ साली डर्बन येथील वंशवादविरोधी जागतिक परिषदेच्या वेळी, जात म्हणजे वंश नव्हे, या मुद्द्यावर भारत सरकारने जातीचा प्रश्न तेथे आणण्यास विरोध केला. काही प्रतिष्ठित समाजशास्त्रज्ञांनीही जातीला वंश मानणे अशास्त्रीय असल्याचे म्हटले. विधान म्हणून ते आंबेडकरांचेच आहे. पण आंबेडकरांनी ते केले ते जात ही माणसांनी घडवलेली, म्हणून मोडता येणारी गोष्ट आहे हे दाखवण्यासाठी. आणि त्याच आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रसंघाकडील अर्जाची माहिती मागवली होती. वंश आणि जात एक नाहीत, हे मान्य करूनही त्यांच्या पीडितांनी एकाच दारावर जावे, यात त्यांना विसंगती वाटली नाही. आज हा प्रवास उलट दिशेनेही सुरू आहे. इझाबेल विल्करसन यांनी २०२० साली अमेरिकेतील वंशव्यवस्थेचेच वर्णन ‘जात’ या शब्दाने केले, आणि २०२३ साली सिॲटल शहराने भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. आपली संज्ञा त्यांच्या वर्गात पोचली आहे. आपल्या वर्गात ती कुठे ठेवलेली आहे?

७

या प्रश्नाला कोल्हापुरातच एक जुने उत्तर आहे. शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. ते सर्वांना खुले होते. प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच झाले. तेव्हा १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांची बोर्डिंगे निघाली : मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. याच काळात, १९०२ साली, संस्थानातील नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा निर्णय झाला. जातवार बोर्डिंगांनी जात पक्की होईल, असा आक्षेप त्यांवर घेता येतो. पण ‘सर्वांसाठी’ असलेली इमारत एकाच जातीची झाल्यावर दुसरा मार्ग कोणता होता?

आपल्या अभ्यासपत्रिकांचा इतिहास याहून फार निराळा नाही. ‘मराठी कादंबरी’, ‘मराठी नाटक’ ही सर्वांसाठी असलेली वसतिगृहे. आणि दलित, ग्रामीण, आदिवासी, स्त्रीवादी साहित्य ही बोर्डिंगे. ही बोर्डिंगे निघाली नसती तर दया पवारांचे ‘बलुतं’ वाचून पदवीधर झालेला विद्यार्थी आज दिसला नसता. ती बंद करावीत, असे मी म्हणणार नाही. मात्र बोर्डिंगमुळे मूळ इमारतीला बदलण्याची गरज उरली नाही, हे विपरीत फळही नाकारता येत नाही. टोनी मॉरिसन यांनी १९९२ साली गोऱ्या अमेरिकन कादंबरीतच कृष्णवर्णीयांची अनुच्चारित उपस्थिती शोधली, ती मूळ इमारतीची तपासणी होती. आपल्याकडे हे काम अद्याप सुरूच व्हावयाचे आहे. ना. सी. फडके याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकवीत होते, वि. स. खांडेकर या शहरात राहून लिहीत होते. त्यांच्या कादंबऱ्यांतील सुशिक्षित तरुण-तरुणींना जात सांगावी लागत नाही, याचे कारण ते जातीपलीकडचे आहेत हे, की त्यांची जात वाचकाने गृहीत धरावी अशी आहे हे? हा प्रश्न त्या लेखकांवर आरोप म्हणून विचारावयाचा नाही. वाचकाशी झालेला तो अलिखित करार कसा चालला, हे पाहण्यासाठी विचारावयाचा आहे.

त्या विद्यार्थ्याचा प्रश्न असा की कादंबरीच्या पेपरात कुणालाच जात कशी नसते. त्याचे आज मी देईन ते उत्तर असे : ती असते. ती वाचण्याची पद्धती आपल्याच परंपरेतील एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९१६ साली एका चर्चासत्रात मांडून ठेवली आहे. कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेत यमुनेची कथा शिकवताना तो निबंध पहिल्या तासाला वाचावा, आणि दलित साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत ‘अक्करमाशी’ शिकवताना ‘शारदा’ सोबत ठेवावे. एवढ्याने अभ्यासक्रम बदलत नाही; त्यासाठी अभ्यासमंडळाची परवानगीही लागत नाही. मात्र प्रश्नपत्रिकेतील ‘तुलना करा’ या शब्दांचा अर्थ बदलेल, आणि जात सांगण्याची पाळी दरवेळी त्याच विद्यार्थ्यावर येणार नाही.